मदत हवी आहे: पणजोबांची पदकं आणि जुनी नाणी, मोल कसं ठरवायचं?

पंचवटीतलं जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरलंय, म्हणून आवराआवर चालू आहे. काकूच्या ट्रंकेत एक डबा निघाला. त्यात चांदीचं एक पदक आहे: एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावरचा उघडा स्वार आणि १९१४, १९१८. रिबिन विरलीय, मधला नारिंगी पट्टा तेवढा ओळखू येतो. दुसरं पितळेसारखं, पंखवाल्या देवीचं. दोन्हींच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत: नंबर, ‘सिपॉय’, पणजोबांचं नाव आणि ‘११७ मराठाज’. नावाचं स्पेलिंग असं की वाचून दाखवल्यावर आजीला स्वतःचे सासरे ओळखू येईनात.

नाण्यांत गांधीजींचं १९६९ चं दहा रुपयांचं, १९७२ चं त्याहून मोठं दहा रुपयांचं (संसद भवन, झेंडा घेतलेलं जोडपं), नेहरूंचे १९६४ चे मूठभर रुपये, वैष्णोदेवीचं दहाचं, आणि रामदरबाराचं तांब्याचं, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेलं.

सराफ बाजारात एका दुकानात दाखवलं. त्यांनी पदक आणि नाणी एकत्रच काट्यावर टाकून मोडीचा भाव सांगितला, वर ‘जरा घासून चकचकीत करून आणा’. चुलतभाऊ म्हणतो चांदीचं पदक त्याला, पितळेचं मला, झाली वाटणी. शिवाय वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात असा व्हिडिओ त्याला आलाय, आणि समोरचा आधी ‘नोंदणी फी’ मागतोय. विकायची घाई नाही, पण वाटणीपुरतं तरी खरं मोल कळायला हवं.

बंदा_रुपया:
पहिलं म्हणजे काहीही घासू नका. चिंच, रांगोळी, ब्रासो, काही नाही. काळपट थर गेला की संग्राहक हात आखडतो.

फी अजिबात भरू नका. अशा कमिशनवाल्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सावध केलंय. वैष्णोदेवीची नाणी चलनात भरपूर आली, तुमचं दहा रुपयांचंच समजा. रामदरबार १८१८ हे नंतर पाडलेलं टोकन आहे, खरं नाणं नव्हे, देव्हाऱ्यात ठेवा.

नेहरूंचा रुपया हे स्वतंत्र भारताच्या पहिल्या स्मारक नाण्यांपैकी, म्हणून लोकांना वाटतं मोठं घबाड. पण ते अमाप निघालं. झिजलेल्याला फारसं कोणी विचारत नाही, कोरं करकरीत असेल तर गोष्ट वेगळी.

दहा रुपयांच्या दोन्हींत मात्र गंमत आहे. गांधीजींचं १५ ग्रॅमचं, त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. १९७२ चं २२.५ ग्रॅमचं, पण चांदी निम्मीच, म्हणजे सव्वाअकरा. दिसायला मोठं, आत कमी! त्यामुळे एकाच दराने वजन करणाऱ्याकडे देऊ नका. टांकसाळीच्या डबीतला प्रूफ सेट (संग्राहकांसाठी खास चकाकी देऊन पाडलेली नाणी) असता तर भाव चांदीच्या कितीतरी वर गेला असता. सुटं, हाताळलेलं असेल तर चांदीच्या आसपासच धरा.

त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, संग्रहालयही आहे. नाणी ओळखायला डोळा तयार होतो. भाव विचारायची जागा नव्हे ती.

देवळालीकर:
नाणी राहू द्या, खरा ऐवज पदकं आहेत. चांदीचं ते पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, दुसरं त्याच युद्धाचं व्हिक्टरी मेडल, ब्राँझचं. दोन्ही लाखोंनी वाटली गेली, त्यामुळे पदक म्हणून दुर्मिळ नाही. मोल कडेवरच्या नावाला आणि पलटणीला. ११७ मराठाज ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत गावाच्या वेढ्यात अडकली होती, एप्रिल १९१६ मध्ये तिथली फौज शरण गेली. पणजोबा तिथे होते असं कागदावर निघालं तर संग्राहक वेगळ्या नजरेने बघतील. पेन्शनबुक, डिस्चार्जचा कागद, जुनी पत्रं असतील तर रद्दीत घालू नका.

ट्रंक पुन्हा चाळा. १९१५ संपायच्या आत ते आघाडीवर गेले असतील तर तिसरं, चांदणीच्या आकाराचं १९१४-१५ स्टार असणार. त्यावर नाव कडेला नसून पाठीमागे असतं.

आणि जोडी फोडू नका हो! एकाच माणसाची दोन पदकं दोन घरांत गेली की दोन्हींची किंमत पडते, चांदीच्या पदकाचीसुद्धा. भावाला हे नीट सांगा. एकाने पदकं ठेवावीत, दुसऱ्याने नाणी आणि वर थोडी रक्कम.

धागाकर्ता:
आभार दोघांचेही. भाऊ आता म्हणतोय इंग्लंडात लिलावाला पाठवू, तिकडे जास्त येतील.

देवळालीकर:
तिकडे गिऱ्हाईक आहे हे खरं. पण शंभर वर्षं उलटलेल्या ऐतिहासिक वस्तू बाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे. कुरिअरवाल्याला ‘गिफ्ट’ सांगून पाठवायचा उद्योग करू नका. विकायचंच झालं तर भारतातल्याच नाणी-पदकांच्या लिलावात द्या. त्याआधी दोन्ही बाजू आणि कडेवरच्या अक्षरांचे उजेडात फोटो काढा, पण इथे टाकताना नंबर झाका.