कार्बन डॉट्सची चमक दर बॅचला का बदलते?

प्रश्न: कार्बन डॉट्स, म्हणजे प्रकाश टाकल्यावर चमकणारे कार्बनचे नॅनोकण, बनवायचे आहेत. सायट्रिक आम्ल १.०५ ग्रॅम, इथिलीनडायअमीन ३३५ मायक्रोलिटर, पाणी १० मिलिलिटर. टेफ्लॉन अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) २०० अंश सेल्सिअसला ५ तास. निळी चमक येते, पण तीव्रता कधीच जुळत नाही. चूक कुठे शोधावी?

उत्तर १: आधी मोजणी तपासा. द्रावण दाट असेल तर ते स्वतःचाच प्रकाश गिळतं. उत्तेजनाच्या (चमक आणण्यासाठी टाकलेल्या प्रकाशाच्या) तरंगलांबीला शोषकता (द्रावण किती प्रकाश शोषतं याचं माप) ०.१ च्या खाली येईपर्यंत पातळ करा, मगच बॅचची तुलना करा.

उत्तर २: ओव्हनचा आकडा म्हणजे आतलं तापमान नव्हे. जाड स्टीलचं भांडं तापायला वेळ घेतं, त्यामुळे भांडं आणि भरण्याची पातळी दर वेळी तीच ठेवा. दोन तृतीयांशाच्या वर कधीच भरू नका. गरम असताना उघडायचं नाही, आपोआप थंड होऊ द्या. इथिलीनडायअमीनची बाटलीही घट्ट बंद हवी, ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं.

उत्तर ३: माझ्या मते खरी गोम शुद्धीकरणात आहे. या अभिक्रियेत चमकणारे लहान रेणूही बनतात. १००० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) पिशवीत डायलिसिस करा, म्हणजे लहान रेणू पिशवीतून बाहेरच्या पाण्यात जातील; ते पाणी बदलत राहा. बाहेरचं पाणी अतिनील दिव्याखाली निळं दिसलं, तर बरीचशी चमक डॉट्सची नव्हतीच!