मुलासाठी जुनं पण आजही चालणारं नाव हवंय (बारसं पुढच्या रविवारी)

कोलशेतकर
नमस्कार मंडळी. मुलगा झालाय. प्रसूती वाशीला झाली, राहायला आम्ही ठाण्यात. फॅशनचं नाव नकोय आणि अगदी पणजोबांच्या काळातलंही नकोय. वर्गात हाक मारली तर कुणी फिदीफिदी हसू नये आणि पन्नाशीतही ते शोभावं, एवढीच अपेक्षा. यादी: अनिरुद्ध, निरंजन, अमेय, हृषीकेश, समीर. मेहुण्यांनी 'अद्विक' आणि 'रेयांश' सुचवलंय. आडनाव 'रा'ने सुरू होतं. गुरुजींनी अनुराधा नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर 'नू' सांगितलं आणि आई तिथेच अडून बसलीय. त्यात हॉस्पिटलवाले फॉर्मवर नाव लिहा म्हणून मागे लागलेत. लिहून टाकू का?

दाखला_आणि_दफ्तर
नाही. तो रकाना रिकामा ठेवा. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते आणि हॉस्पिटलमधल्या जन्माची माहिती हॉस्पिटलच कळवतं, पण त्यासाठी नाव ठरलेलं असायची गरज नसते. नाव नंतर घालता येतं: 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. उलट घाईत 'समीर' लिहिलंत आणि बारशाला 'निरंजन' ठरलं, तर ते दुरुस्तीत बसत नाही. दुरुस्ती लेखनातल्या चुकीची होते. नावच बदलायचं म्हटलं की अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्र असं शेपूट वाढत जातं.

नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, घर कुठे आहे याच्याशी संबंध नाही. वाशी म्हणजे नवी मुंबई महापालिका. ठाणे पालिकेत खेपा घालू नका. (खारघरला झालं असतं तर पनवेल महापालिका. तिथेही लोक हमखास चुकतात.)

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, लायसन्स या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे त्यावरचं स्पेलिंग जन्मभर चिकटतं. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव राज्याच्या सरकारी कागदांत बाळ, आई, वडील, आडनाव अशा क्रमाने लिहायचं आहे. चार शब्द ओळीने लिहून बघा. पाच अक्षरी नाव एकटं छान वाटतं, पण आईवडिलांची नावंही लांब असली तर फॉर्मच्या चौकटी संपतात.

नौपाडा_कट्टा
नावाचं बोलू. 'जुनं पण चालणारं' ओळखायची एक साधी चाळणी आहे. निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर मतदार यादी भागनिहाय पीडीएफमध्ये मिळते, आणि नावापुढे वय असतं. आपल्या भागाची यादी उघडा आणि हवं ते नाव तीन गटांत शोधा: साठीच्या वरचे, 35 ते 50, आणि 18 ते 25. तिन्हीकडे सापडलं तर ते टिकाऊ. एकाच गटात ढीगभर आणि बाकी दोन्हीकडे शून्य, तर ती त्या काळची लाट. 18 च्या खालच्यांसाठी सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धेची यादी बघा. घोडबंदर रोडच्या कुठल्याही मोठ्या संकुलात आरव, विहान, अर्णव इतके निघतील की आडनावाचं अक्षर जोडल्याशिवाय हाक मारता येणार नाही.

या चाळणीत तुमच्या यादीतला समीर बहुधा चाळिशी-पन्नाशीत जास्त दिसेल. नाव गोड आहे, पण बाळापेक्षा बाळाच्या काकाचं वाटतं. शिवाय आडनाव 'रा'चं. 'समीर रा…' भरभर म्हटलं की दोन र एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला 'समी' ऐकू येतं. नाव ज्या अक्षराने संपतं त्याच अक्षराने आडनाव सुरू होत असेल तर हे होणारच. 'अमेय येवले', 'ओम महाजन' मोठ्याने म्हणून बघा.

अमेयला तुमच्या आडनावाचा त्रास नाही, त्रास स्पेलिंगचा. शेवटी ए लावला तर अमराठी माणूस 'अमेया' वाचतो आणि मुलगी समजतो. नाही लावला तर 'अमे' म्हणतो. नेरुळ-ऐरोलीच्या शाळांत अर्धा वर्ग अमराठी असतो, तेव्हा हे रोजचं समजा.

हृषीकेश म्हणजे इंद्रियांचा स्वामी, अर्थाला तोड नाही. पण आपण 'हृ'चा उच्चार 'ह्रु' करतो, हिंदीवाले 'ह्रि' करतात, आणि निम्मे लोक ह गाळून 'ऋषिकेश' लिहितात. एकाच मुलाच्या गुणपत्रिकेवर यू, पासपोर्टवर आय आणि बँकेत ह-शिवाय, असं होतं. ठेवायचं तर पहिल्या दिवशी एक स्पेलिंग पक्कं करा आणि घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा. ज्ञ असलेल्या नावांचंही तेच. यज्ञेशला डी-एन-वाय की जी-एन, हे आधी ठरवावं लागतं.

अनिरुद्ध, माझ्या मते, यादीतलं सगळ्यात भक्कम. कृष्णाचा नातू, अर्थ 'ज्याला अडवता येत नाही', तिन्ही पिढ्यांत चालतं. एकच काळजी: शेवटी डबल डी आणि एच. टाइप करताना एक डी हमखास गळतो.

मेहुण्यांचा मान राखून सांगतो, 'रेयांश'मधला 'रे' किरण या अर्थी संस्कृतात नाही, तो इंग्रजीतून आलाय. 'श्रेयांस' हे खरं जुनं नाव, अकरावे जैन तीर्थंकर श्रेयांसनाथ. 'अद्विक'चा अर्थ संकेतस्थळांवर 'अद्वितीय' देतात, पण ती व्युत्पत्ती ओढूनताणून आहे. नावांच्या संकेतस्थळांवर विसंबू नका, आपट्यांचा संस्कृत कोश किंवा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा, दोन्ही ऑनलाइन आहेत. आणि नवीन वाटणारं जुनं नाव हवं असेल तर विष्णुसहस्रनाम वाचा. ईशान, प्रणव, वरद, मुकुंद, सिद्धार्थ, अनिरुद्ध, सगळे तिथेच आहेत.

पंचांगवाली_मावशी
आईंना समजवायला सोपं आहे. 'नू' हे नक्षत्रनावाचं अक्षर. नामकरणात कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं अशी चार नावं ठेवायची पद्धत आहे. ताम्हनातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने लिहितात ती हीच. नक्षत्रनाव पत्रिकेत आणि संकल्पात राहतं. शाळेत घालायचं ते व्यवहारनाव वेगळं असलं तर काही बिघडत नाही.

तरी 'न'च हवा असेल तर अनुराधेची चार अक्षरं ना, नी, नू, ने. ह्रस्व-दीर्घ एकच धरतात, त्यामुळे 'निरंजन' दुसऱ्या चरणाच्या अक्षरात बसतं. अनुराधा अख्खं वृश्चिकेत असल्याने रास बदलत नाही. जन्मवेळ मात्र हॉस्पिटलच्या कागदावरून घ्या, कुणाच्या आठवणीवरून नको. एक चरण साधारण सहा तासांचा असतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटांनी फरक पडतो तो फक्त चरण बदलायच्या सुमारास.

कोलशेतकर
धन्यवाद! म्हणजे सामना अनिरुद्ध आणि निरंजनमध्ये. निरंजनमध्ये काही खोट?

नौपाडा_कट्टा
अर्थ निष्कलंक, उच्चार सगळ्या भाषांत सारखा, स्पेलिंग सरळ, आडनावाशी जुळतं. पण पोरं 'निऱ्या' करणार आणि साडीच्या निऱ्यांवरून चिडवणार, आरतीच्या वेळी कुणीतरी 'निरांजन लावलं का' विचारणार. अनिरुद्धचं 'अन्या' होतं, तेवढ्यावर सुटका. मराठी शाळूसोबती कुठल्याही नावाला 'या' लावतातच. 'मंदार'चं काय होतं ते सांगायला नको. घरात आधीच एक छोटं हाकेचं नाव रुळवलंत तर थोडा बचाव होतो.

दाखला_आणि_दफ्तर
नाव ठरलं की अर्जावर मराठी नाव नीट ह्रस्व-दीर्घासह आणि इंग्रजी मोठ्या लिपीत सुटं सुटं लिहा. दाखला हातात आला की खिडकीवरून हलायच्या आधी आईचं नाव, वडिलांचं नाव आणि तारीखही वाचा. बाल आधार त्यानंतरच काढा. बिननावाच्या दाखल्यावर घाई केली तर नंतर आधारमध्ये बदल करायचं काम उगाच वाढतं. पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, आई किंवा वडिलांचं आधार लागतं, तेव्हा दोघांपैकी एकाने सोबत जा.

पंचांगवाली_मावशी
आणि आत्याला शनिवारीच नाव सांगून ठेवा. कानात 'कुर्रर्र' करून झाल्यावर 'काय ठरलंय रे?' म्हणून मागे वळून विचारलं की पाठीत धपाटे दुप्पट पडतात.