उन्हाळा तोंडावर, तरी गायींचे हिवाळी केस झडेनात. खनिज मिश्रणातलं तांबं वाढवू का?

काळाकळप: मांसासाठीच्या काळ्या गायी, कुरणावर चरणाऱ्या. काहींच्या पाठीवर, मांड्यांवर केस तसेच आहेत, रंगही तांबूस पडलाय. खनिज मिश्रणाचं भांडं कायम भरलेलं असतं.

चाराआणिपेंड: थांबा. केस झडायला लागतात ते दिवस मोठा झाल्यावर प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं म्हणून. खनिज ही पुढची गोष्ट. मान आधी मोकळी होते, मग पाठ, पोट आणि मांडीचा खालचा भाग शेवटी. सगळ्यांना एकाच दिवशी १ ते ५ गुण द्या (१ तुळतुळीत, ५ पूर्ण हिवाळी अंग) आणि मागे कोण राहिल्यात ते बघा. पहिलारू किंवा बरगड्या दिसणाऱ्या असतील तर आधी खुराक, त्यातही प्रथिनं. टक्कल पडल्यासारखे चट्टे आणि अंग घासणं असेल तर उवा तपासा. कुरणात बुरशीवालं फेस्क्यू गवत असेल तर प्रोलॅक्टिनच दबतं, तिथे मिश्रण बदलून काही हाती लागत नाही.

यकृततपासा: रंगाबद्दल. केस बोटांनी फाकवून मुळाशी बघा. मूळ काळं, टोक लाल असेल तर बहुधा उन्हाने उडालाय. मुळापासून फिकट आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी कडा असेल तर तांब्याचा संशय घ्या.

आता हिशेब. तांब्याची गरज कोरड्या चाऱ्याच्या किलोमागे १० मिग्रॅ. १० किलो खाणाऱ्या गाईला १०० मिग्रॅ, म्हणजे किलोला १००० मिग्रॅ तांबं असलेलं मिश्रण रोज १०० ग्रॅम पोटात जायला हवं. भांडं भरलेलं असणं आणि गाईने खाणं वेगळं! आठवड्याला किती किलो संपलं ते गाईंच्या संख्येने भागा. शिवाय चाऱ्यात मॉलिब्डेनम हे खनिज, पाण्यात गंधक किंवा लोह जास्त असेल तर खाल्लेलं तांबंही अंगी लागत नाही. पाणी-चारा तपासून घ्या. रक्तातलं तांबं यकृताचा साठा संपत आल्यावरच घसरतं, म्हणून रक्ताचा अहवाल चांगला आला तरी निर्धास्त होऊ नका. पशुवैद्याकडून यकृताचा नमुना काढून घ्या.

काळाकळप: पिशवीवर कॉपर ऑक्साइड लिहिलंय.

यकृततपासा: पूड असेल तर जवळजवळ वायाच जाते. कॉपर सल्फेट किंवा चिलेटेड (सेंद्रिय रेणूला बांधलेलं) तांबं घ्या. ऑक्साइडच्या तारांचे बोलस (गिळवायच्या मोठ्या गोळ्या) वेगळे, ते चौथ्या पोटात अडकून हळूहळू विरघळतात. आणि हे मिश्रण मेंढ्यांच्या तोंडी लागू देऊ नका, त्यांना विषबाधा होते.