गो-कार्टला मोठं इंजिन टाकायचंय, ३८९ सीसी बसेल का?

चिखलगाडी

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. माझ्याकडे एक जुनी ऑफ-रोड गो-कार्ट आहे, दोन सीटची, पाईपची चेसिस, मागे एकच सलग ॲक्सल. सेकंडहँड घेतली तेव्हा निम्मी गंजलेली, भाच्याला हाताशी घेऊन सगळी खोलली, घासून रंग मारला, बेअरिंगा बदलल्या, स्टीअरिंगचे टाय रॉड नवीन टाकले, आता दिसायला एकदम झकास झालीय.

अडचण अशी की सपाट मातीवर मस्त पळते पण चढ आला किंवा वाळू लागली की संपलं, इंजिन नुसतं ओरडत राहतं, गाडी जागची हलत नाही आणि क्लचमधून असा जळका वास येतो की घरातल्यांना वाटलं कुठेतरी वायरिंग पेटलं. साधा सेंट्रिफ्युगल क्लच आहे, इंजिनाची गती वाढली की आपोआप पकडणारा, असे दोन गेले आत्तापर्यंत. इंजिन होंडा जीएक्स२००, १९६ सीसी.

आता एका जनरेटरचं जीएक्स३९०, ३८९ सीसी, हाताला लागलंय. जनरेटरचा आल्टरनेटर जळालेला, इंजिन मात्र एका खेचीत सुरू होतं. तर हे जुन्याच्या जागी बसेल का, ३५ नंबरची चेन चालेल का, आणि अजून काय काय बदलावं लागेल? भाचा म्हणतो गव्हर्नर, म्हणजे इंजिनाची गती ठराविक आरपीएमच्या वर जाऊ न देणारा भाग, पण काढून टाकू. मला स्पीडचं वेड नाहीये, चढ चढली म्हणजे झालं.

नटबोल्ट

बसेल, पण उचलून ठेवलं आणि चार बोल्ट मारले असं नाही होणार. दोन्हींची बोल्टांची भोकं जुळत नाहीत, म्हणजे प्लेट नवी लागणार, ६ मिमीची घे. जीएक्स२०० चा शाफ्ट (इंजिनातून बाहेर येणारा दांडा, क्लच बसतो तो) पाऊण इंची असतो, ३९० चा १ इंची, म्हणजे आत्ताचा क्लच बाद. वजन १६ किलोवरून ३१ किलोच्या आसपास जातं आणि ते सगळं मागच्या ॲक्सलजवळ, त्यामुळे ओल्या मातीत पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते.

आणि सगळ्यात आधी एक काम कर, जनरेटरचं इंजिन म्हणालास ना, त्याचा शाफ्ट नीट बघ. बऱ्याच जनरेटरच्या इंजिनाचा शाफ्ट टेपर असतो, टोकाकडे निमुळता होत जातो. तसा असेल तर त्यावर कुठलाच क्लच किंवा पुली सरळ बसत नाही. पंपाच्या इंजिनाला सहसा सरळ शाफ्ट मिळतो, चावीचा खाचा असलेला.

दाते_मोजा

इंजिनाचं नंतर बघू. इंजिन ओरडतंय, गाडी हलत नाही आणि क्लच जळतोय, ही तिन्ही लक्षणं मला तरी गिअरिंगची वाटतात, ताकदीची नंतर. क्लचवरच्या छोट्या स्प्रॉकेटला (चेनचं दातेरी चाक) किती दाते, ॲक्सलवरच्याला किती, आणि मागच्या टायरची जमिनीपासूनची पूर्ण उंची किती, एवढं सांग.

चिखलगाडी

पुढे १२, मागे ४८. टायर १८ इंची, चांगले दणकट नक्षीवाले. आधीच्या मालकाने टाकलेत ते, मूळची चाकं पण गाडीबरोबर दिली होती त्याने, रिमसकट, ती १३ इंची आहेत, कोपऱ्यात पडून आहेत.

शाफ्टचं आत्ताच जाऊन बघितलं. टेपर आहे. 😭

दाते_मोजा

सापडलं मग. गाडी बनली होती १३ इंची चाकांसाठी, टायर झाले १८ इंची, पण दात्यांना कोणी हातच लावला नाही. १८ भागिले १३ म्हणजे साधारण १.३८, म्हणजे तुझं गिअरिंग एका झटक्यात ३८ टक्के जड झालं आणि इंजिन तेच.

आता हिशोब बघ, कंटाळा येईल पण एकदा बघच. ४८ भागिले १२ म्हणजे ४ ला १. १८ इंची टायर एका फेरीत साधारण १.४४ मीटर जातो. इंजिन ३६०० आरपीएमला गेलं तर चाक ९०० फेऱ्या, म्हणजे ताशी ७७ किमी निघतात. कागदावर! साडेपाच हॉर्सपॉवरवर दोन माणसं घेऊन मातीत ७७ कुठून येणार? आणि खरी गोम पुढेच आहे. साधा सेंट्रिफ्युगल क्लच साधारण १८०० ते २२०० च्या दरम्यान पकडतो. २००० धर. तुझ्या गिअरिंगला २००० आरपीएम म्हणजे ताशी ४३ किमी. म्हणजे गाडी ४३ च्या खाली असेल तोवर क्लच घसरतच राहणार, आणि चढावर तू ४३ ला कधी पोचणारच नाहीस. म्हणून दोन गेले. तिसराही जाईल, आणि मोठं इंजिन लावलंस तर तो जास्त लवकर जाईल कारण घासायला जोर जास्त मिळेल.

ताकदीचं पण बघू. जीएक्स२०० चा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १२.४ न्यूटन मीटर. गुणिले ४, भागिले चाकाची त्रिज्या, तर मागच्या चाकाला जमिनीवर मिळतं २१७ न्यूटन, म्हणजे जेमतेम २२ किलोचं ढकलणं. गाडी आणि दोन माणसं मिळून ३०० किलो धरली तर एवढ्यात १०० मीटरला ७ मीटरचा चढ निघतो, तोही घर्षण वगैरे काही न धरता. जीएक्स३९० चा टॉर्क २६.५, तेच दाते ठेवले तर ४७ किलो. आणि आता जुनंच इंजिन ठेवून क्लचच्या जागी ३० सिरीजचा टॉर्क कन्व्हर्टर लाव, म्हणजे तो पट्ट्यावाला, सुरुवातीला २.७ ला १ देतो आणि वेग वाढेल तसा ०.९ पर्यंत येतो. १२.४ गुणिले ४ गुणिले २.७, म्हणजे ६० किलो. निम्म्या इंजिनातून मोठ्या इंजिनापेक्षा जास्त ओढ! पट्टा थोडं खातो हे मान्य, तरी पुढेच राहतो.

पाऊण इंची शाफ्टला तो सरळ बसतो आणि ८ हॉर्सपॉवरपर्यंत चालतो.

जुना_कारागीर

वरचा हिशोब बरोबर आहे, मी वेगळंच बोलतो. एवढ्या पोस्ट झाल्या, ब्रेकचं एकानेही विचारलं नाही. कुठला ब्रेक आहे? या जुन्या कार्टना बहुतेक ॲक्सलवर एक बँड ब्रेक असतो, ड्रमभोवती पट्टी आवळणारा, आणि चिखल लागला की तो नावालाच उरतो. वेग ५० चा ६० झाला तर थांबवायची ऊर्जा ४४ टक्के वाढते, वेगाचा वर्ग येतो ना त्यात. वर १५ किलोचं जास्तीचं इंजिन. इंजिनाला हात लावण्याआधी हायड्रॉलिक डिस्क टाक.

भाच्याला सांग, गव्हर्नरला हात लावायचा नाही. मी लावला होता. तरुण होतो, शहाणा होतो. तिसऱ्या दिवशी कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकला बाजूने भोक पाडून बाहेर आला, ऑईल सगळं बुटावर. त्यातल्या त्यात मी सुटलो, कारण ओतीव फ्लायव्हील जास्त आरपीएमला फुटलं तर त्याचे तुकडे सीटच्या दिशेने पण येऊ शकतात, आणि तुझी सीट इंजिनापासून किती लांब आहे ते तूच मोज. ज्यांना ३६०० च्या बरंच वर न्यायचंय ते बिलेटचं (ओतीव नाही, अखंड धातूतून कोरलेलं) फ्लायव्हील, बिलेटचा रॉड, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा सगळं आधी घालतात आणि मग गव्हर्नर काढतात. तुला तर स्पीड नकोच आहे म्हणतोस, मग कशाला?

अजून एक. या इंजिनाला ऑईल पंप नसतो, आतला चमचा ऑईल उडवतो. २० अंशाच्या वर कलतं ठेवून चालवायचं नसतं. ऑईल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर असेल तर तो चढावर किंवा उड्यांमध्ये उगाच इंजिन बंद करतो, आणि मग लोक कार्बोरेटर खोलून बसतात. बरेच जण तो सेन्सर काढून ठेवतात, पण मग ऑईल दर वेळी स्वतः बघायचं.

जोरदार_३९०

सगळे मिळून माणसाचा उत्साह मारताय राव 😄 मी ३९० लावलंय, दोन वर्षं झाली, परत लहान इंजिनावर जाणार नाही. फक्त फुकटात झालं असं नाही. मला ४० सिरीजचा कन्व्हर्टर घ्यावा लागला कारण ३० वाला ८ हॉर्सपॉवरपर्यंतच, चेन ३५ ची काढून मोठ्या कड्यांची ४२० केली, चेसिसला इंजिनाखाली दोन आडवे पाईप वेल्ड केले आणि कोपऱ्यात तिकोनी पट्ट्या मारल्या, तरी एका वेल्डला तडा गेलाच. प्रत्येक वेळी पाईप पुसून बघतो आता. ॲक्सिलरेटरला दोन स्प्रिंगा लावल्यात, एक तुटली तरी दुसरी ओढून घेते, आणि किल स्विच स्टीअरिंगवर घेतलाय. तेवढी वायर सोपी आहे, कॉईलची वायर अर्थला टेकली की इंजिन बंद.

पण टेपर शाफ्ट असेल तर मी नाही म्हणेन. पूर्ण इंजिन उघडून क्रँक, म्हणजे तो शाफ्ट ज्याचं टोक आहे तो आतला दांडा, बदलावा लागेल. कोणीतरी लेथवर टेपर छिलून सरळ करून देतो म्हणेल, नको. आणि जनरेटरचा गव्हर्नर एकाच आरपीएमला धरून ठेवायला लावलेला असतो, ५० हर्ट्झवाला असेल तर ३००० ला. थ्रॉटलची सगळी जोडणी बदलावी लागते ती वेगळीच.

चिखलगाडी

मंडळी, रविवारी एक प्रयोग केला. खर्च शून्य. मूळची १३ इंची चाकं मागे लावली, बाकी काहीच नाही. ज्या चढावर क्लच जळायचा त्या चढावर मी एकटा असताना गाडी वर गेली, हळू पण गेली. भाचा बसला की पाऊण चढावर परत वास. म्हणजे दाते_मोजा यांचं खरं आहे. फक्त आता गाडी इतकी खाली आली की पहिल्याच दगडावर चेन गार्ड वाकला.

तर मोठी चाकं ठेवून जुन्या इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर लावतोय. त्याबरोबर मागे ६० दात्यांचं स्प्रॉकेट टाकू का? आणि ब्रेक बँडचाच निघाला, लाइनिंग तर हाताने सोलून निघालं. डिस्क आधी बसवतोय. भाचा थोडा नाराज आहे.

दाते_मोजा

६० दाते कुठल्या चेनचे ते बघ. ४० किंवा ४२० ची असेल तर ६० दात्यांचं स्प्रॉकेट साधारण २४३ मिमी होतं, तुझा ॲक्सल जमिनीपासून २२८ वर, म्हणजे चेन धरून खाली १० सेमी उरतात आणि दगड थेट दात्यांवर. ३५ च्या चेनमध्ये तेच १८२ मिमी, पण ३५ ची चेन मातीत लवकर खलास होते. मी असतो तर ४२० चेन, कन्व्हर्टरवर १० दाते आणि मागे ५० टाकले असते, २०२ मिमी होतं, एकूण ५ ला १. सुरुवातीची ओढ ७५ किलो निघते. भाचा बसला तरी चालेल.

चिखलगाडी

ऑर्डर केलं, १० आणि ५०. ३९० च्या टेपर शाफ्टवर भाचा कानस घेऊन बसला होता, उठवला त्याला. आता म्हणतो मग याचा जनरेटरच परत बनवू. कोणाकडे आल्टरनेटर आहे का पडलेला?