अनुभव धागा: काउंटर-स्ट्राइक १.६ अजून चालतोय. कसा आणि का? कामाचं तेवढं लिहा

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

'आमच्या वेळी कॅफेत काय मजा यायची' छापाचे धागे पुष्कळ झाले. इथे ते नकोत. हॉस्टेलच्या खोलीत, झेरॉक्सच्या दुकानामागे, कुणाच्या माडीवर अजून १.६ चालू असतो. तो नीट चालायला काय लागतं, कुठं अडतं आणि खेळात असं काय आहे की माणूस सोडत नाही, तेवढंच लिहा. आकड्यांसह.

पहिली भर माझी. टेररिस्ट आणि काउंटर-टेररिस्ट अशा दोन संघांच्या गोळीबाराचा हा खेळ. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेमवर बसवलेला मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून केलेला नवा खेळ. हाफ-लाइफवाल्या वाल्व्ह कंपनीने २००० मध्ये तो विकायला काढला. १.६ आवृत्ती आली सप्टेंबर २००३ मध्ये, स्टीम या वाल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानासोबत. किमान गरज ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ९६ एमबी रॅम आणि १६ एमबीचं ग्राफिक कार्ड. भंगारात निघालेला पीसीसुद्धा यात बसतो. पण नुसत्या स्वस्ताईने गेम वीस वर्षं टिकत नाही. माझं मत असं की यात शिकलेलं वाया जात नाही. एके रायफल गेमच्या पैशात तेव्हा २५०० ची होती, आजही तेवढ्यालाच मिळते. डस्ट २ या नकाशातला दरवाजा जिथं होता तिथंच आहे.

लातूर

लॅनबद्दल (पीसी केबलने एकमेकांना जोडणं) लिहितो, कारण निम्मी भांडणं तिथंच होतात.

आठ जणांना आठ पोर्टचा १०० एमबीपीएसचा साधा नेटवर्क स्विच (सगळ्या केबल जिथं येतात तो डबा) भरपूर झाला. केबल कॅट ५ई. क्रिम्प करताना (टोकाला क्लिप बसवताना) रंगांचा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्याची जोडी शेजारी-शेजारी घातली की वायर 'लागलेली' दिसते, पण पॅकेट गळतात, आणि सगळे गेमला शिव्या घालत बसतात.

आयपी हाताने द्या: १९२.१६८.१.१ पासून पुढे, मास्क २५५.२५५.२५५.०. सर्व्हरच्या मशीनवर फायरवॉलमध्ये गेमला परवानगी द्या, यूडीपी पोर्ट २७०१५. यादीत सर्व्हर दिसत नसेल तर कन्सोल (गेममधली हुकूम टाइप करायची खिडकी) उघडून कनेक्ट, मग आयपी आणि पोर्ट असं टाइप करा. नव्वद टक्के वेळा काम होतं.

'लॅन सर्व्हर फक्त स्थानिक क्लायंटसाठी, क्लास सी' असा संदेश आला तर केबलला दोष देऊ नका. सर्व्हरच्या पीसीला नेटचं डोंगल किंवा मोबाइलचं टेदरिंग लावलेलं असतं आणि सर्व्हर त्याच आयपीवर जाऊन बसतो. डोंगल काढा, सर्व्हर पुन्हा सुरू करा.

नांदेड

लातूरच्या भाऊंना पुरवणी. वायफायवर खेळू नका, खेळलात तर रडू नका. कन्सोलमध्ये नेट_ग्राफ ३ लावून लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट) आणि चोक (अडून राहिलेली पॅकेट) हे दोन आकडे बघा. लॉस दिसला तर रस्ता खराब आहे. नुसता चोक असेल तर सेटिंगचा घोळ: रेट २५०००, सीएल_अपडेटरेट १०१, सीएल_सीएमडीरेट १०१. एवढं करूनही चोक राहिला तर सर्व्हरवरचं एसव्ही_मॅक्सअपडेटरेट बघा. ते मुळात ३० असतं. तिथं १०१ केल्याशिवाय तुमच्या १०१ ला काही किंमत नाही.

एक गंमत, पण खरी. जुन्या विंडोजवर स्वतंत्र सर्व्हर चालवला की त्याचे फ्रेम साठच्या घरात अडकतात. त्याच मशीनवर विंडोज मीडिया प्लेअर नुसता उघडून ठेवा, सर्व्हर पळायला लागतो. गाणं लावायची गरज नाही. प्लेअर विंडोजचा टायमर बारीक करतो, त्याचा फायदा सर्व्हरला मिळतो, एवढंच.

परभणी

केबल झाल्या. आता खेळावर या की.

टेररिस्ट बॉम्ब लावतो, काउंटर त्याला अडवतो; दर फेरीआधी मिळालेल्या पैशातून हत्यारं घ्यायची. म्हणून हा गेम बंदुकीचा कमी आणि पैशाचा जास्त आहे. सुरुवातीला ८००, खिशात जास्तीत जास्त १६०००. एक मारला की ३००. समोरचा संघ संपवून फेरी जिंकली की ३२५०, बॉम्ब फुटला तर ३५००. सलग हरणाऱ्याला मिळणारी रक्कम दर फेरीला ५०० ने वाढत जाते आणि एका टप्प्यावर थांबते. आता खर्च बघा: एके २५००, काउंटरची रायफल एम४ ३१००, दुर्बिणीची एडब्ल्यूपी ४७५०, डेझर्ट ईगल पिस्तूल ६५०, चिलखत ६५०, हेल्मेटसह १०००, बॉम्ब निकामी करायचा किट २००.

म्हणजे टेररिस्टला एके आणि पूर्ण चिलखत ३५०० ला पडतं, काउंटरला एम४, चिलखत आणि किट ४३०० ला. काउंटरच्या बाजूने पैसा लवकर तुटतो तो यामुळे. पिस्तुलाची (पहिली) फेरी हरल्यावर पुढच्या फेरीत अर्धवट खरेदी करणं ही सगळ्यात मोठी चूक. दोघं एमपी५ बंदूक घेतात, तिघं रिकामे, आणि तिसऱ्या फेरीत पाचही जण कफल्लक. एक फेरी पाचही जणांनी मिळून कोरडी काढा, तिसरीला सगळे मिळून घ्या.

नवख्यांना माहीत नसलेलं एक कलम: बॉम्ब न लावता वेळ संपला आणि टेररिस्ट कोपऱ्यात लपून जिवंत राहिला, तर त्याला त्या फेरीचा एक रुपया मिळत नाही. बंदूक वाचते, पैसे जातात. उलट बॉम्ब लावला आणि तो निकामी झाला, तरी टेररिस्टांना प्रत्येकी ८०० जादा मिळतात. म्हणून हरती फेरी असली तरी बॉम्ब टेकवून या.

जालना

बॉम्बचा वेळ ३५ सेकंद की ४५? आमच्याकडं दोन गट पडलेत.

परभणी

दोन्ही गट बरोबर. गेममध्ये मुळात ४५ असतं, स्पर्धेच्या सामन्यांत ३५ ठेवायची रीत आहे. निकामी करायला किटशिवाय १० सेकंद, किटसह ५. हात मध्येच काढला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सुरू करण्याआधी ठरवून सर्व्हरवर घाला. बॉम्ब फुटल्यावर वाद घालून उपयोग नाही.

बीड

एकेची गोळी कुठं जाते यावर दोन ओळी लिहायच्या होत्या, जास्त झाल्या तर सांभाळून घ्या.

थांबलेल्या माणसाची पहिली गोळी जवळजवळ सरळ जाते. दुसरी-तिसरी वर चढते. पुढच्या डावी-उजवीकडे झुलतात आणि त्या झुलण्यात थोडा नशिबाचा भाग असतो. त्यामुळे लांबून एक-एक गोळी, मधे पाव-अर्धा सेकंद दम खायचा. मध्यम अंतरावर तीन. घोडा दाबून धरायचा तो समोरचा चार-पाच पावलांवर असताना, आणि तेव्हाही माउस खाली ओढत. एके डोक्यात लागली तर हेल्मेट असलं तरी जवळून एका गोळीत काम होतं. म्हणून निशाणा कायम डोक्याच्या उंचीला धरून चाला. जमिनीकडं बघत चालणारा माणूस प्रत्येक वेळी माउस वर उचलतो आणि तेवढ्यात मरतो.

पळताना झाडलेली गोळी कुठंही जाते. उजवीकडं पळत असाल तर डावीकडची कळ क्षणभर टिचकी मारल्यासारखी दाबा, माणूस जागीच थांबतो, मग गोळी सोडा. हे एकदा बोटात बसलं की समोरच्याला तुम्ही चीटर वाटता.

पायांचा आवाज हे तर वेगळंच शास्त्र. हातात चाकू असताना वेग २५०, एकेला २२१, एम४ ला २३०, एडब्ल्यूपीला २१०. शिफ्ट दाबून चाललं की आवाज येत नाही. स्वस्तातले इअरफोन चालतील, पण डावं-उजवं नीट लावा. उलटे लावलेले इअरफोन म्हणजे आंधळी कोशिंबीर.

हिंगोली

डस्ट २ बद्दल कुणीच लिहिलं नाही? डेव्ह जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये केलेला नकाशा. बॉम्ब लावायच्या दोन जागा, ए आणि बी. ए ला दोन वाटा, लाँग आणि शॉर्ट. बी ला बोगदा आणि मिडचे (मधल्या भागाचे) दरवाजे. मिडच्या दोन लाकडी फळ्यांमधली फट एवढीशी, पण फेरी सुरू होताच टेररिस्टचा एडब्ल्यूपीवाला वरून तिच्यावर दुर्बीण लावून बसतो, आणि बी कडं पळणारा काउंटर त्या फटीतून पाव सेकंद दिसतो. नकाशा पाठ असलेला काउंटर तिथं उडी मारून जातो किंवा आधी थांबतो. दारामागं उभं राहणंही धोक्याचं, कारण लाकडातून गोळी पार होते.

धाराशिव

बाहेरचे मॅप घालणाऱ्यांसाठी. आइसवर्ल्ड, एडब्ल्यूपी इंडिया वगैरे सर्व्हरवरून डाउनलोड करत बसू नका, फार हळू येतात. बीएसपी फाइल (म्हणजे मॅपच) पेन ड्राइव्हने सगळ्या पीसींच्या मॅप फोल्डरमध्ये टाका. सोबतची वॅड फाइल (भिंती-जमिनीची चित्रं) विसरली की मॅप उघडत नाही. 'तुमचा मॅप सर्व्हरच्या मॅपपेक्षा वेगळा आहे' असं आलं तर नाव एकच, पण फाइल दोन ठिकाणांहून आणलेली असते. एकाच पीसीवरून सगळीकडे कॉपी करा.

लातूर

उन्हाळ्याचं मी लिहितो, कारण एप्रिल-मेत आपल्याकडं गेम नाही, पीसी मरतो. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी दोनला मशीन आपोआप बंद पडायला लागली की आधी प्रोसेसरचा पंखा काढून हीट सिंकच्या पात्यांमधली धूळ ब्रशने झाडा. प्रोसेसर आणि हीट सिंकमधली वाळलेली पेस्ट पुसून मोहरीएवढी नवीन पेस्ट लावा. जास्त लावू नका. पीसी चालू होऊन तीनदा बीप करत असेल तर रॅम काढून तिची सोनेरी पट्टी शाळेच्या खोडरबराने घासा. हे ऐकायला येडपट वाटतं, पण दहापैकी सहा वेळा तेवढ्यानं भागतं. कूलरचं तोंड कॅबिनेटकडं करू नका. ताटीतून येणारी हवा ओली असते आणि धूळ चिखलासारखी चिकटते.

लाईट गेल्यावर: सगळ्या पीसींना यूपीएस असतो, पण नेटवर्कचा स्विच भिंतीतल्या सॉकेटला. मग आठही पडदे चालू, आणि सगळ्यांना 'कनेक्शन प्रॉब्लेम'. मिनिटभरात सगळे बाहेर. स्विचचा छोटा अडॅप्टर सर्व्हरच्या यूपीएसला लावा, वीज नगण्य खातो. ६०० व्हीएचा यूपीएस जाड मॉनिटरसह एकच पीसी धरतो, तोही दहा मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात फेरी संपवून रीतसर बंद करा.

जालना

माउस नीट चालत नाही, कधी जास्त वळतो, कधी कमी. काय करू?

नांदेड

विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये 'पॉइंटरची अचूकता वाढवा' ही टिक काढा. वेगाची पट्टी बरोबर मध्यावर, अकरापैकी सहाव्या खुणेवर. नवीन आवृत्ती असेल तर गेममध्ये रॉ इनपुट (माउसची हालचाल विंडोजला वगळून थेट घेणं) चालू करा. मग सेन्सिटिव्हिटी २ ते ३ च्या दरम्यान आणि रोज बदलायची नाही. व्हीसिंक बंद, एफपीएस_मॅक्स १०१. या इंजिनात फ्रेम कमी झाले की उडीसुद्धा वेगळी लागते. रुंद पडदा असेल तर ४:३ ठेवा, कारण जुन्या आवृत्तीत रुंद चित्रात वरचं-खालचं कापलं जातं, बाजूला जास्त काही दिसत नाही.

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

एक सावधगिरी. रस्त्यावरच्या सीडीतून आलेल्या कॉपीत प्रोटोकॉल ४७ असतो, स्टीमवरच्या आवृत्तीत ४८. दोघं एका सर्व्हरवर बसत नाहीत. कन्सोलमध्ये व्हर्जन टाइप केलं की कोणता आहे ते कळतं. आणि फुकटातल्या कॉपीवरून इंटरनेटच्या सर्व्हर यादीत फिरू नका. डॉक्टर वेब या कंपनीने २०१९ मध्ये बेलोनार्ड नावाचा ट्रोजन उघडकीस आणला. तो गेममधल्याच भोकांतून पीसीत शिरायचा आणि यादीत खोटे सर्व्हर उभे करायचा. लॅनवर खेळा, नाहीतर सरळ विकत घ्या. सेलमध्ये चहा-भजीच्या खर्चात मिळतो.

बीड

माणसं कमी पडली तर बॉटबद्दल (संगणकच चालवतो ते खेळाडू) कुणी सांगेल का? तीन जणच जमतात आताशा.

धाराशिव

झेडबॉट घाला. एच दाबलं की मेनू येतो. पहिल्यांदा मॅप उघडल्यावर तो पूर्ण नकाशा मोजत बसतो, जुन्या पीसीला काही मिनिटं लागतात. पडदा अडकला असं समजून बंद करू नका. मोजलेली फाइल शेवटी जतन होते, मधे लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हे काम सकाळी लाईट असताना उरकून ठेवा आणि ती नॅव्ह फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. तीन माणसांना विरुद्ध बाजूला पाच बॉट, अवघडपणा मधला. सगळ्यात वरचा लावला तर ते थेट डोक्यात मारतात.