मॉरिशस ते रॉड्रिग्ज: विमानाला नेमका किती वेळ धरायचा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आई-बाबांना घेऊन मॉरिशसला जातोय, तिथून पुढे रॉड्रिग्ज बेटावर. बाकी सगळं जुळलंय, गाडं अडलंय ते या दोन बेटांमधल्या विमानापाशी.

मॉरिशसचा सर शिवसागर रामगुलाम विमानतळ ते रॉड्रिग्जचा प्लेन कोराय विमानतळ, सरळ रेषेत अंतर साधारण ६०० किमी. म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षा कमीच. तरी वेळ दीड तास दाखवतात. रॉड्रिग्जची धावपट्टी आखूड, म्हणून तिथे पंख्यांचं एटीआर ७२ जातं, ताशी ५०० किमीच्या आसपास, तेवढं कळलं. घड्याळाचाही घोळ नाही, दोन्ही बेटं भारताच्या दीड तास मागे.

आता खरी अडचण. रॉड्रिग्ज पूर्वेला आणि तिथला नेहमीचा वारा आग्नेयेकडून. मग जाताना जास्त आणि येताना कमी वेळ लागतो का, की विमानाच्या उंचीवर हा हिशेब लागूच पडत नाही? वारा जोराचा असला की वजनासाठी काही बॅगा मागे ठेवतात असं ऐकलं, खरं का? (बाबांचं इन्सुलिन हातातच ठेवणार, ते सांगू नका.)

परतल्यावर त्याच रात्री मुंबईचं विमान पकडायचंय. मधे किती तास ठेवू? बायको म्हणते आदल्या दिवशीच परत या. बाबांना एका रात्रीचं हॉटेल म्हणजे निव्वळ उधळपट्टी वाटते.

मॉरिशसमधल्या व्हाक्वा-क्यूरपीपकडचे कुणी मराठी इथे असतील तर प्लीज सांगा. तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.