मदत हवी आहे: ‘स्काय बोट साँग’ पेटीवर वाजवताना वल्ह्याचा झोका कसा आणायचा?

नमस्कार मंडळी,

‘आउटलँडर’ बघणारं कोणी आहे का इथे? 1945 मधली क्लेअर दगडांच्या रिंगणातून थेट 1743 च्या स्कॉटलंडमध्ये पोचते, ती मालिका. तिच्या शीर्षकगीताची, म्हणजे ‘स्काय बोट साँग’ची, चाल बाबांच्या मनात बसली आहे आणि त्यांना ती पेटीवर बसवायची आहे.

चाल मालिकेच्या कितीतरी आधीची. 1870 च्या दशकात अ‍ॅनी मॅक्लाउड स्काय बेटावरच्या लॉख कोरुस्क तळ्यातून होडीने जात असताना वल्हेकरी तिथल्या गेलिक भाषेतलं एक गाणं म्हणू लागले, ते तिने टिपून घेतलं. हॅरॉल्ड बोल्टनने त्यावर इंग्रजी शब्द रचले, ते 1884 मध्ये छापले गेले. कलोडनच्या लढाईत हरलेला राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट 1746 मध्ये मोलकरणीच्या वेशात फ्लोरा मॅकडोनाल्डबरोबर होडीने स्कायला निसटला, त्याची ती गोष्ट. पुढे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने याच चालीवर वेगळी कविता लिहिली. मालिकेसाठी संगीतकार बेअर मॅकक्रीरीने तीच घेतली, फक्त हरवलेल्या मुलाच्या जागी मुलगी आणली. क्लेअरला ते किती शोभतं!

स्वर आम्हाला सापडले. ध्रुवपद असं सुरू होतं:

प़ ध़ प़ सा – सा, रे ग रे प

सगळी चाल सा रे ग प ध या पाचच स्वरांत आहे. बाबा ऐकताक्षणी ‘भूप’ म्हणाले. पण ध्रुवपदाची ओळ मंद्र पंचमावर येऊन टेकते, अंतरा मंद्र धैवतावर विसावतो, म्हणून मला ती पहाडी रागाकडे झुकलेली वाटते. जाणकारांनी सांगावं.

खरी अडचण ठेक्याची. दादरा धरला तर सहा मात्रा जुळतात, पण सगळ्या सारख्या पडतात आणि शाळेतल्या प्रार्थनेसारखं वाजतं. मूळ चालीत तिनातला पहिला स्वर लांबतो, दुसरा चुटकन निघून जातो. वल्हं ओढताना जोर लागावा आणि मग होडी आपली आपण पुढे सरकावी, तसं. बाबांची बोटं ते बरोबर करतात, पण डाव्या हाताचा भाता एका लयीत चालत राहतो आणि झोका मरतो. काल त्यांनी ती एकच ओळ वीसेक वेळा वाजवली, मग पेटी बंद करून गप्प बसले.

भाता पहिल्या मात्रेवर दाबून पुढच्या दोन मात्रांना सोडायचा का? तबल्यावर दादऱ्याचं वजन कुठे ठेवावं? आणि वल्हेकऱ्यांचं ते जुनं गेलिक गाणं, ‘कुआखाग नान क्रूव’, कोणी संथपणे गायलेलं ऐकलं असेल तर कुठे मिळेल ते नक्की कळवा. बाबांना ते ऐकवायचं आहे.